हवेचा एकच आकडा सगळ्या वाटांना चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला माउंटन बाइकवरचा लेख वाचला. सायकलींचे प्रकार, चाकांचे आकार, सस्पेन्शनची लांबी (धक्का शोषताना ते किती मिमी दबू शकते ते) यांची माहिती नीट दिली आहे. मात्र शेवटच्या चौकटीत ‘टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरावी’ असे एकच वाक्य छापले आहे (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप, दर चौरस इंचाला पौंड). चालवणाऱ्याचे वजन किती, टायर किती रुंद, आत ट्यूब आहे की टायर ट्यूबलेस आहे, वाट कसली आहे, यातले काहीच त्या आकड्यासोबत नाही. नवशिका वाचक नेमकी हीच चौकट कापून ठेवतो. ७० किलोच्या माणसाने २.४ इंची टायरमध्ये ४० पीएसआय भरून खडकाळ उतार उतरला, तर टायर दगडाला धरून न राहता त्यावरून उडतो. मग दोष फोर्कला, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनला, दिला जातो, सायकलीला दिला जातो, नाहीतर आपल्याला जमतच नाही असे माणूस ठरवून टाकतो. सायकलींची दुरुस्ती आणि चालवण्याचे प्रशिक्षण हे आमचे रोजचे काम असल्याने ही तक्रार सविस्तर लिहीत आहोत.

सेटअपला हात लावण्याआधी वाट वाचावी लागते. तिथली जमीन घट्ट आहे की सुटी, दगड रुतलेले आहेत की पायाखाली हलणारे, उतार किती लांब, वळणांपूर्वी ब्रेक किती वेळा लागणार, आणि ओल आहे का? पुष्कळ ठिकाणी वाटेच्या तोंडाशी हिरवे वर्तुळ, निळा चौकोन किंवा काळा हिरा अशी खूण असते. ती अवघडपणा सांगते, जमिनीचा प्रकार सांगत नाही. एक निळी वाट घट्ट मातीची असते, दुसरी ओल्या मुळांची, आणि या दोन्हींना एकच टायर व एकच हवा चालत नाही. नावावरूनही अंदाज बांधू नये. अमेरिकेतल्या युटा राज्यातील मोआबचा कातळ ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा दगड, म्हणून प्रसिद्ध आहे. घोड्यांच्या लोखंडी नालांना तो निसरडा, म्हणून ते नाव पडले. रबरी टायरला मात्र तोच कोरडा वालुकाश्म सँडपेपरसारखा धरतो. तिथे टायरवर रबराच्या उंच ठोकळ्यांची गरज नसते, मऊ रबर आणि कमी हवा पुरते.

आता हवेबद्दल. चौकट पुन्हा छापायची झाली तर सुरुवातीचा आकडा असा द्यावा: ७५ किलोचा माणूस, २९ इंची चाक, २.४ इंची ट्यूबलेस टायर, आतून ३० मिमी रुंद रिम आणि मिश्र वाट. पुढे २१, मागे २४ पीएसआय. वजन ५ किलोने वाढले की दोन्हीकडे साधारण १ पीएसआय वाढवावा, घटले की तितकाच कमी करावा. टायर २.२५ इंची असेल तर सुमारे २ जास्त, २.६ इंची असेल तर २ ते ३ कमी. आत ट्यूब असेल तर ५ ते ६ जास्त. मागच्या चाकावर भार अधिक येतो म्हणून मागे २-३ पीएसआय जादा. हे सगळे सुरुवातीचे आकडे आहेत. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही तो टायर सोसू शकेल अशी कमाल मर्यादा असते, ती शिफारस समजू नये. रिमचीही वेगळी मर्यादा असते. दोन्हींपैकी लहान आकडा पाळायचा.

मोजायचे साधनही बरोबर हवे. उभ्या पंपावरचा गेज १६० पीएसआयपर्यंतचा असेल तर २२ आणि २५ यातला फरक त्याचा काटा विश्वासाने दाखवू शकत नाही. कमी दाबासाठी बनवलेला वेगळा गेज घ्यावा आणि दर वेळी तोच वापरावा. तो एखाद्या पीएसआयने चुकत असला तरी दर वेळी सारखाच चुकतो, आणि तुलनेला तेवढे पुरते. हवा वाटेला लागण्याआधी, सायकल सावलीत असताना मोजावी. २५ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला दाब सव्वा ते दीड पीएसआयने बदलतो. पहाटेच्या गारव्यात नेमकी भरलेली हवा दुपारच्या उन्हात दोनने वाढलेली असते.

योग्य आकडा शोधायला एक ओळखीचा, दगड आणि वळण दोन्ही असलेला छोटा तुकडा निवडावा आणि तोच पुन्हा पुन्हा चालवावा. दर फेरीला दोन्ही चाकांतून २ पीएसआय कमी करत जावे. कधीतरी वळणावर टायर रिमखाली वाकल्यासारखा, चाक अर्धवट सुटल्यासारखे वाटेल, किंवा दगडावर रिमचा ‘टण्ण’ आवाज येईल. तिथे थांबून १ ते २ पीएसआय परत भरावी. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा कमी पडली की दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिच्यावर सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नये, कारण हवा कमी होती. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूब नसते, म्हणून ५-६ पीएसआय खाली जाता येते. पण तिथेही जोराच्या वळणात टायरची कड रिमवरून क्षणभर उचलून ‘भस्स’ करून हवा सुटते, आणि फार कमी हवेत टायरच कडेशी चिरतो किंवा रिम वाकते.

ट्यूबलेस करताना बहुतेक चुका टेपमध्ये होतात. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा टेप २ ते ४ मिमी रुंद घ्यावी, रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी आणि टेप ताणून बसवावी. बुडबुडा राहिला तर हवा स्पोकच्या छिद्रांतून निघते आणि माणूस टायरमध्ये दोष शोधत राहतो. २९ बाय २.४ च्या टायरला ९० ते १२० मिली सीलंट (छिद्रे आतून बुजवणारा द्रव) लागते. टायर रिमवर बसत नसेल तर व्हॉल्व्हची कोअर (आतला सुटा भाग) काढून हवा एकदम जाऊ द्यावी. दोन्ही कडा बसल्याचे आवाज स्पष्ट ऐकू येतात. सीलंट वाळते. उष्ण, कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांतच आत रबराची साय उरते. चाक काढून कानाजवळ हलवावे, खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट भरावे. ट्यूबलेस असले तरी जवळ एक ट्यूब आणि प्लगचे (भोकात रबरी बोळा खुपसण्याचे) साधन हवेच, कारण लांब चीर सीलंटने भरत नाही.

टायर निवडताना वाचक फक्त वरची नक्षी पाहतात. नक्षीइतक्याच महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत: रबर किती मऊ आहे, आतल्या कापडाचे थर किती आहेत, आणि टायर पुढचा आहे की मागचा. रेसचा हलका टायर साधारण ६५० ते ८०० ग्रॅमचा, ट्रेलचा (चढ-उताराच्या डोंगरवाटांचा) ९०० ते १०५० चा आणि डाउनहिलचा (फक्त तीव्र उतारांचा) दुहेरी थराचा १२०० च्या वर. हा वजनातला फरक म्हणजे टोकदार दगडाला सोसण्याची ताकद. चालवणारा हलका असेल आणि वाट मातीची असेल तर पहिला टायर उत्तम. ९० किलोचा माणूस तोच टायर दगडगोट्यांच्या उतारावर नेईल, तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बाजू फाटण्याची शक्यता मोठी. पुढच्या चाकाने सायकल वळते, म्हणून जास्त मऊ रबराचा, बाजूला ठसठशीत ठोकळे असलेला टायर पुढे लावावा. मागे थोडा कमी उंच नक्षीचा, कडक रबराचा, पण जाड थराचा चालतो. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस जमिनीवर असतो. एकच नवा टायर घेता येत असेल तर तो पुढे लावावा आणि पुढचा जुना मागे न्यावा. टायर विकत घेताना इंचांपेक्षा मिलिमीटर पाहावेत: २९ इंचीला ६२२, २७.५ इंचीला ५८४, जुन्या २६ इंचीला ५५९. हा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही. टायर आणि फ्रेम यांच्यात सगळीकडून किमान ६ मिमी जागाही हवी. चिखलाच्या वाटेवर तेवढीही पुरत नाही.

हवेनंतर सस्पेन्शन. तिथेही चुकांचे मूळ बहुधा हवेतच असते. फोर्क आणि मागचा शॉक दुकानातून जसा आला तसाच वापरणारे फार लोक आहेत, म्हणजे ५५ किलोची मुलगी आणि ९५ किलोचा माणूस एकाच दाबावर. सॅग म्हणजे चालवणाऱ्याच्या भाराने सस्पेन्शन स्थिर उभ्यानेच जेवढे दबते ते अंतर. रेसच्या सायकलीला फोर्कचा सॅग सुमारे १५ टक्के, ट्रेलला २० च्या आसपास. मागे २५ ते ३० टक्के, डाउनहिलला त्याहून थोडा जास्त. १४० मिमीच्या फोर्कला २० टक्के म्हणजे २८ मिमी. मागचे मोजताना चाकाच्या हालचालीचा आकडा घ्यायचा नाही, शॉकच्या दांड्याचा स्ट्रोक, म्हणजे तो दांडा किती आत जातो ते, घ्यायचा. स्ट्रोक ५५ मिमी असेल तर ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी. ही गल्लत वारंवार होते.

मोजण्याची रीत अशी. लॉकआउट (सस्पेन्शन जखडणारी कळ) आणि कॉम्प्रेशन (दबण्याला रोध करणारी घुंडी) पूर्ण उघडे. हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली पिशवी अंगावर. पाठीवरचे ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो, आणि ते मोजले नाही तर आकडा खोटा ठरतो. शॉक पंपाने, टायरच्या पंपाने नव्हे, फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे हवा भरावी. दर ५० पीएसआयनंतर सस्पेन्शन १०-१५ वेळा हळू दाबून सोडावे, म्हणजे आतल्या दोन कप्प्यांतली हवा समान होते. हे केले नाही तर फोर्क एकतर आखूड दिसतो, नाहीतर विचित्र ताठ लागतो. मग कोणाला तरी सायकल धरायला सांगून पेडलवर उभे राहावे, उतारावर राहतो तसे गुडघे-कोपरे थोडे वाकवून. दोन-तीनदा उसळावे, स्थिर व्हावे, दुसऱ्याने सस्पेन्शनच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवावी आणि न उसळता खाली उतरावे. रिंगपासून सीलपर्यंतचे अंतर मोजावे. सॅग जास्त असेल तर ५ पीएसआय भरावे, कमी असेल तर ५ सोडावे. पंप काढताना येणारा ‘फुस्स’ आवाज बहुधा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, त्याने घाबरू नये. पुन्हा पंप लावला की नळी भरण्यापुरती हवा आतून निघते आणि आकडा कमी दिसतो. त्यावरून शॉक गळतो असा निष्कर्ष काढू नये.

सॅग जुळल्यावर रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग. त्याची घुंडी पूर्ण बंद करून, म्हणजे घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवून, तिथून उलटे क्लिक मोजावेत आणि मध्यापासून सुरुवात करावी. सीटवर बसून फुटपाथच्या उंचीची पायरी हळू उतरावी. मागचा भाग एकदा वर येऊन थांबला पाहिजे. दोन-तीनदा डुलला तर रिबाउंड जलद आहे, एक क्लिक बंद करावा. वजनदार माणसाला जास्त हवा लागते, जास्त हवा जास्त जोराने ढकलते, म्हणून त्याला रिबाउंड अधिक बंद लागतो. हवेचा दाब बदलला की रिबाउंड पुन्हा तपासायचा, हे विसरले जाते. थंडीत आतले तेल घट्ट होते आणि तोच क्लिक हळू वागतो.

दगडांच्या लांब उतारानंतर हात सुन्न होतात ही तक्रार फार येते, आणि तिची दोन कारणे अगदी परस्परविरुद्ध असतात. रबरी रिंग तपासावी. फोर्कच्या लांबीचा निम्माच भाग वापरला गेला असेल तर फोर्क ताठ आहे, हवा सोडावी. रिंग जवळजवळ टोकाला गेली असेल आणि तरीही हात थरथरत असतील तर रिबाउंड फार हळू आहे. एका दगडातून फोर्क वर येण्याआधी दुसरा दगड येतो, तिसरा येतो, आणि फोर्क खाली-खाली बसत जाऊन शेवटी उरलेल्या थोड्याशा लांबीवर चालतो. तेव्हा दोन क्लिक उघडावेत. हे न ओळखता आणखी हवा सोडली की त्रास वाढतो. सगळ्यात मोठ्या धक्क्यानंतर रिंग नव्वद टक्क्यांच्या पुढे असावी, आणि एका फेरीत एखादवेळा तळ लागला तर हरकत नाही. सॅग बरोबर असूनही वारंवार तळ लागत असेल तर हवा वाढवण्यापेक्षा हवेच्या कप्प्यात एक स्पेसर (कप्प्यातली जागा कमी करणारा तुकडा) टाकावा. त्याने सुरुवात मऊ राहते आणि शेवट ताठ होतो. पूर्ण लांबी कधीच वापरली जात नसेल तर एक काढावा. स्पेसर काढ-घाल करण्याआधी सगळी हवा सोडलेली असली पाहिजे, नाहीतर झाकण अंगावर उडते. आणि फोर्कचे खालचे पाय सुमारे ५० तासांच्या वापरानंतर उघडून, सील साफ करून नवे तेल घालावे लागते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फोर्कवर क्लिक मोजण्यात वेळ जातो, फरक पडत नाही.

सस्पेन्शन किती लांब घ्यावे याबद्दल आपल्या लेखात बरेच लिहिले आहे, म्हणून आम्ही थोडक्यात आमचे मत सांगतो: नेहमीच्या वाटेला लागते तेवढे घ्यावे, वर्षातून एकदा जायच्या वाटेला लागते तेवढे नव्हे. १२० ते १४० मिमी बहुतेकांना पुरते. १७० मिमीची सायकल घट्ट मातीच्या सपाट वाटेवर ओढून न्यावी लागते. मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेलही चांगल्या टायरसह पुष्कळ खडकाळ वाटा निभावते. तिच्या मागच्या टायरला मात्र जाड थर आणि आणखी २ पीएसआय द्यावी लागते, कारण सगळा धक्का रिमवरच येतो.

हेच ७५ किलोचे उदाहरण वाटांवर नेऊन पाहू. घट्ट, गुळगुळीत माती आणि लांब चढ असेल तर पुढे २३, मागे २६, मागे कमी उंच नक्षी, आणि फोर्कचा सॅग १५ ते १८ टक्के. घट्ट जमिनीवर मुरमाची सुटी खडी पसरलेली असेल तर हवा २० आणि २३, पण इथे हवेपेक्षा बाजूचे ठोकळे काम करतात. मधले आणि बाजूचे ठोकळे यांच्यात मोकळी फट असलेल्या टायरवर सायकल अर्धवट कलली तर ती फटीवरच राहते आणि घसरते. अशा टायरवर सायकल नेमकी कलवावी लागते, अंग मात्र सरळ ठेवून. टोकदार दगडांच्या उतारावर थर जाड करावेत, पुढे २२ आणि मागे २६ ठेवावी, रिबाउंड एक-दोन क्लिक उघडावा. ओली मुळे आणि शेवाळलेला कातळ यांवर वेग मुळातच कमी असतो, रिमला मार कमी बसतो, म्हणून १९ आणि २२ पर्यंत उतरता येते. तिथे कॉम्प्रेशन पूर्ण उघडे, रबर मिळेल तितके मऊ, आणि मूळ काटकोनात ओलांडायचे, त्यावर असताना ब्रेक सोडलेला.

चिखलाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे: रुंद टायर बरा. चिकट चिखलात २.२ ते २.३ इंची, लांब आणि विरळ ठोकळ्यांचा टायर खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो आणि फिरताना चिखल झटकतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि फ्रेमला चिखल थापतो. मात्र तोच चिखलाचा टायर कोरड्या कातळावर नेला की उंच ठोकळे दुमडतात आणि वळणात सायकल डळमळते. वाळूत उलटे: फ्रेममध्ये मावत असेल तर २.६ इंची, १६ ते १८ पीएसआय, हलका गिअर, आणि हँडल घट्ट न धरता वजन किंचित मागे. वाळू संपून दगड लागला की तिथेच थांबून हवा भरावी, नाहीतर रिम जाते. उड्यांच्या बांधीव वाटेवर २५ आणि २८, एक स्पेसर जास्त, रिबाउंड एक-दोन क्लिक बंद. उडी सोडताना मागचे चाक लाथ मारल्यासारखे वर येत असेल तर रिबाउंड जलद आहे.

ब्रेकचा विषय आपल्या लेखात दोनच ओळींत आटोपला आहे, पण या खेळाचा इतिहासच ब्रेकच्या उष्णतेशी जोडलेला आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत मातीच्या उतारावर जी शर्यत सुरू झाली तिचे नाव ‘रिपॅक’. तेव्हाच्या जुन्या जड सायकलींच्या मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) कोस्टर ब्रेक, म्हणजे पेडल उलटे दाबल्यावर लागणारा ब्रेक, असे, त्यातले ग्रीस त्या उतारावर जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा (‘रिपॅक’ करावा) लागे, म्हणून ते नाव. आज उष्णता रोटरमध्ये, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीत, साठते. छोट्या चढ-उतारांना १६० मिमीचा रोटर पुरतो, ट्रेलला १८०, लांब तीव्र उताराला किंवा वजनदार माणसाला २००-२०३. १८० वरून २०३ वर गेले की त्याच बोटाच्या जोरात सुमारे १३ टक्के अधिक रोध मिळतो. फोर्क आणि फ्रेम यांना रोटरच्या आकाराची कमाल मर्यादा असते, ती आधी पाहावी. ओल आणि लांब उतार यांना धातुमिश्रित पॅड टिकतात. ऑरगॅनिक, म्हणजे रेझिनचे, पॅड शांत आणि लगेच पकडणारे, पण तापल्यावर लवकर ढिले पडणारे. काही रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते. त्यांवर धातूचा पॅड लावला तर रोटर झपाट्याने झिजतो.

नवे पॅड बसवले की मध्यम वेगावरून २० वेळा आणि मग जरा जास्त वेगावरून १० वेळा सायकल हळू करावी, चाक लॉक न करता आणि पूर्ण न थांबता. हे टाळले तर रोटरवर पॅडचा थर ओबडधोबड बसतो आणि ब्रेक किंचाळतो. चेनला स्प्रे मारताना एक थेंब रोटरवर उडाला तरी तीच तक्रार येते. रोटर अल्कोहोलने पुसता येतो, तेल शोषलेला पॅड बहुतेक वेळा बदलावाच लागतो. नवा रोटर साधारण १.८ मिमी जाड असतो, १.५ वर आला की काढावा. ब्रेकमध्ये भरायचे डॉट द्रव आणि मिनरल तेल यांची अदलाबदल कधीही करू नये, सील फुगून ब्रेक निकामी होतो. आणि चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर येतात आणि रोटर परत आत जात नाही.

गिअरचे गणित सोपे आहे आणि चढ पाहून करता येते. पुढे ३० दाती चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे सर्वांत मोठी चकती ५१ दाती असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक साधारण १.३५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग तासाला ४.९ किमी. पुढे ३२ आणि मागे ३६ असेल तर त्याच फेऱ्यांत ७.४ किमी. इतका वेग तीव्र, सुट्या खडीच्या चढावर फार थोड्यांना राखता येतो. म्हणून चढावर वारंवार पाय टेकावा लागत असेल तर आधी चेनरिंग दोन-चार दातांनी लहान करून पाहावी. चेन गेजवर अर्धा टक्का लांबली की ११ आणि १२ गिअरच्या सायकलीची चेन बदलावी. पुढे ढकलले तर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) सोबत बदलावी लागते.

सीट आणि हँडल यांचे मोजमाप वाटेनुसार कमी बदलते, पण एक गोष्ट बदलते: उतारावर सीट खाली हवी. चढासाठीची उंची काढायची तर पायाच्या आतल्या बाजूची लांबी ०.८८३ ने गुणावी. ८० सेंमीला ७०.६ सेंमी, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांच्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. ड्रॉपर पोस्ट (कळ दाबून सीट वर-खाली करणारा दांडा) नसेल तर उताराच्या तोंडाशी थांबून सीट हाताने खाली करावी आणि पोस्टवर आधीच टेपची खूण ठेवावी. हँडल कापायचे असेल तर आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी १० मिमी आत सरकवून काही फेऱ्या माराव्यात. कापलेले परत जोडता येत नाही. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), भागावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळावेत, बहुधा ५ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळलेले कार्बनचे हँडल आतून तडकते आणि ते वरून दिसत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. हवा, रिबाउंड आणि टायर एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. वहीत एक ओळ पुरते: ‘१८ अंश, ओला कातळ, पुढे १९, मागे २२, फोर्क ७८, रिबाउंड बंदपासून ७, पुढचे ठीक, मागची रिम दोनदा वाजली.’ पुढच्या वेळी त्या वाटेवर मागे २३ भरून सुरुवात करायची, बाकी काही हलवायचे नाही.

आपले,
माउंटन बाइकची दुरुस्ती व प्रशिक्षण करणारे काही वाचक